कोरियाच्या राणीची ओटी

सोलच्या मोठ्या राजवाड्याला मंगळवारी सुट्टी असते. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. ज्यांना नुसती माहिती हवी आहे त्यांनी एवढं वाचून चहाला गेलं तरी चालेल. बाकीच्यांनी जरा बसा, कारण आम्ही तिथं फिरायला गेलो नव्हतो. आम्ही नवस फेडायला गेलो होतो.

त्याचं असं झालं. आमच्या कारभारणीचे, म्हणजे हौसाचे, दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टर म्हणाले, आता चाला. हौसा म्हणाली, भ्या वाटतंय. तिला सांभाळायला माझी थोरली बहीण आक्का शाहूवाडीच्या आपल्या घराला कुलूप लावून आमच्याकडं कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला आली, ती राहिलीच. आक्काचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. पोरं आपापल्या संसाराला लागली. आक्कानं हौसाचे पाय चोळले, तिला न्हाऊ घातलं आणि दुपार सरावी म्हणून टीव्हीवर एक कोरियन मालिका लावून दिली. माणसं कोरियाची, बोलणं हिंदी. त्यात एक राणी होती. तिला सासूचा जाच, दिराचा कावा, जेवणात विष, आणि तरीही ती बिचारी दर भागाच्या शेवटी जिवंत राहायची. जेवणाची ताटं तशीच बाजूला सारून दोघी त्या राणीच्या सासूला शिव्या घालायच्या. त्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत.

एक दिवस ती राणी दुखण्यातून उठली आणि दरबाराच्या पायऱ्या आपल्या पायानं चढली. हौसानं टीव्हीला हात जोडले आणि म्हणाली, "राणीसाहेब, मीबी आपल्या पायानं माडीवर गेले तर तुमची ओटी भरीन." आठवडाही झाला नसेल. माडीवर वाळत घातलेल्या मिरच्या आभाळ आलं म्हणून कुणीतरी गोळा करायला हव्या होत्या, मी गुऱ्हाळावर होतो, आक्का न्हाणीत होती. हौसा एकटी वर गेली आणि मिरच्या घेऊन खाली आली. आक्का ओल्या केसांनीच जिन्याच्या कठड्याला धरून रडत होती.

आता सांगा. अंबाबाईला बोललेला नवस असता तर बसनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत आलो असतो. मी सुचवून बघितलं की खण टीव्हीपुढं ठेवू, एक दिवा लावू. हौसा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आमची लेक शरयू सोललाच बॅटरीवर संशोधन करते, आणि केव्हापासून "आबा, या की" म्हणत होती. मी ऊस, गुऱ्हाळ, पाण्याची पाळी अशी कारणं सांगत आलो होतो. नवसापुढं त्यातलं एकही टिकलं नाही. दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटायला थोडा अवकाश होता. तेवढ्यात जाऊन यायचं ठरलं. कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो. लेकीनं तिकडून बोलावण्याचे कागद पाठवले, त्यामुळं काम सोपं झालं. जाण्याचं कारण विचारलं तिथं मी खरं लिहिणार होतो. शरयूनं फोनवरून अडवलं आणि "कुटुंबाची भेट" लिहायला लावलं.

ओटीचं सामान आक्कानं आणलं. मंगळवार पेठेतल्या दुकानातून इरकली खण आणला, हिरवा, लाल काठाचा. एक नव्हे, दोन. एक राणीला आणि एक परत आल्यावर अंबाबाईला. हौसा ताटात सगळं मांडून बघायला लागली तशी आक्का उठून दारापाशी जाऊन उभी राहिली. "माझा हात नगं लागायला," म्हणाली. ज्या खणाची घडी तिनंच दुकानात चार वेळा उलगडून बघितली होती त्याच खणाबद्दल. हौसानं खण बॅगेत ठेवले.

आमच्या गावाला लागूनच विमानतळ आहे. रोज विमान आमच्या उसावरून जातं, आणि त्यात कधी बसलो नव्हतो. आक्का म्हणाली, मी गच्चीवर लाल टॉवेल हलवत उभी राहते, वरनं दिसतंय का बघ. रिक्षानं पाच-दहा मिनिटांत पोचलो. तपासणीला हौसाच्या पिशवीतनं सोललेला नारळ निघाला. तिथला माणूस चांगला होता. "मावशी, नारळ आत नेता येत न्हाय," म्हणाला.

हौसा म्हणाली, "मग इमानाम्होरं फोडा. नवी गाडी घेतली की फोडतोयच की."

"इमान नवं न्हाय, मावशी."

"आमास्नी नवंच हाय."

मागं रांग थांबली होती. शरयू फोनवर होतीच. तिनं कानात सांगितलं की नारळच काय, तांदूळ, सुपारी, खारीक, काहीच कोरियात नेऊ नका, तिथं बी-बियाणं आणि फळं चालत नाहीत, आणि लपवून तर मुळीच नेऊ नका. रिक्षावाला पावणा अजून बाहेर चहा पीत उभा होता. त्याच्या हातात सगळं सामान देऊन आक्काकडं पाठवलं. राहिले दोन खण आणि कुंकवाचा करंडा. विमान उडालं. मी खिडकीला नाक लावून लाल टॉवेल शोधला, दिसला, भरपूर हात हलवला. नंतर कळलं की आमचं घर दुसऱ्या बाजूला होतं. मी हात हलवला तो कुणाच्या तरी वाळत घातलेल्या लुगड्याला.

मुंबईत विमान बदललं, वाटेत आणखी एकदा बदललं. सोलच्या विमानतळावरून शहरात थेट रेल्वे जाते, साधारण तासाभराची. बसायला जागा मिळते. ज्येष्ठांसाठी वेगळी बाकं राखून ठेवलेली असतात आणि तरणी पोरं ती रिकामी असली तरी त्यांवर बसत नाहीत, उभी राहतात. विमानतळावरच प्रवासाचं एक कार्ड मिळतं. त्यात पैसे भरले की मेट्रो आणि बस दोन्हीला चालतं. पैसे मात्र रोख भरावे लागतात, एवढं लक्षात ठेवा.

सोमवारी शरयू आम्हाला बाजारात घेऊन गेली, ओटीचं सामान नव्यानं जमवायला. तांदूळ मिळाला, बुटका आणि चिकट. हौसानं चिमटीत घेऊन बघितला आणि म्हणाली, चालतंय, राणी हेच खात असंल. हळकुंड एका भारतीय दुकानात मिळालं. नारळ मात्र सबंध बाजारात नाही. शेवटी मोठ्या दुकानात एक शहाळं सापडलं. साल तासून पांढरंशुभ्र केलेलं, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं आणि वर नळी चिकटवलेली. हौसानं तिथंच ती नळी खरवडायला घेतली. राणीच्या ओटीत नळी शोभत नाही म्हणे. शरयूनं तिचा हात धरला.

खारीकही नव्हती. सुक्या मेव्याच्या एका म्हातारीकडं लाल, सुरकुतलेलं, वाळवलेल्या मोठ्या बोरासारखं फळ होतं. चव घेतली, गोड. खारकेऐवजी ते घेतलं. सुपारीऐवजी काय घ्यावं म्हणून बघतोय तर शेजारच्या टोपलीत तपकिरी, गुळगुळीत, सुपारीचा थोरला भाऊ शोभावा असं एक फळ. शरयू म्हणाली, चेस्टनट, भाजून खातात. तेही घेतलं. दोन्ही एकाच पिशवीत पडलेली बघून ती म्हातारी खुलली, वर ओंजळभर जास्तीची टाकली आणि शरयूकडं बघून काहीतरी विचारून हसली. शरयू लाल झाली आणि आम्हाला ओढतच पुढं घेऊन गेली. लग्न कधी म्हणून विचारलं म्हणे. म्हटलं, बाजारातल्या बायका सगळीकडं सारख्याच.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. देवीचा वार. ओटी भरायची तर मंगळवारी नाही तर शुक्रवारी, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. शरयूला प्रयोगशाळेतून निघता येईना, पण मेट्रो थेट राजवाड्याच्या नावाच्या स्टेशनला जाते, बाहेर पडलं की दार समोर, म्हणून आम्ही दोघंच निघालो. हौसानं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं, नाकात नथ. मी फेटा बांधला होता. मेट्रोतल्या बाया आमच्याकडं आदरानं बघत होत्या.

दार बंद. एवढं मोठं दार की त्यातून हत्तीवर हत्ती जावा, आणि ते बंद. एक पोलीस होता. त्यानं दोन्ही हातांची फुली करून दाखवली आणि भिंतीवरची पाटी दाखवली. दर मंगळवारी बंद. हौसा त्या पाटीकडं बराच वेळ बघत राहिली. अंबाबाईच्या गावात जन्म काढलेल्या बाईला देवीच्या वाराला दार बंद ठेवणारी माणसं जगात असतात हे पटवून घ्यायला वेळ लागतो. मला म्हणाली, "राणी घरात न्हाय काय?"

आता इथं मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कोल्हापुरात राजवाडा म्हणजे खाली म्युझियम आणि वर राजघराण्याची माणसं. खाली आपण तिकीट काढून तलवारी बघायच्या आणि वर कुणीतरी चहा पीत असणार हे धरून हळू बोलायचं. हौसाच्या मनात कोरियाचंही तेच चित्र होतं. ती मालिकेतली राणी नट आहे एवढं तिला कळत होतं, ती काही खुळी नव्हे. पण तिच्या घराण्यातली आत्ताची राणी वरच्या मजल्यावर असेल, खाली निरोप द्यायचा, त्या उतरून येतील किंवा आत बोलावतील, असा तिचा हिशेब होता. खरं सांगतो, माझाही थोडासा होता.

समोरच्या गल्लीत एका खाणावळीत बसलो. हाडं उकळून केलेला पांढरा रस्सा मिळतो तिथं, वाफाळता. बघून जीव हरखला. तोंडात घातला तर मीठ नाही, मसाला नाही, काही नाही. मीठ आपण टेबलावरचं घालायचं असतं. हौसा चार घास खाऊन म्हणाली, पांढरा हाय खरा, पर आजारी हाय. सोबत लाल लोणच्यासारखी कोबी येते, ती हवी तितकी मागा, वेगळे पैसे घेत नाहीत.

शुक्रवारपर्यंत थांबणं आलं. परतीचं विमान रविवारी. मधे बुधवारी मी एक घोटाळा केला. फ्रिजमधलं शहाळं पिऊन टाकलं. कोबीनं घसा जळत होता आणि नळी आयतीच चिकटवलेली होती. हौसानं राणीच्या सासूकडं बघायची तसं माझ्याकडं बघितलं. शरयूनं संध्याकाळी दुसरं आणलं आणि त्यावर कागद चिकटवला: आबा, नाही.

शुक्रवार उजाडला. शरयूनं सुट्टी काढली. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत त्यांचे जुने राजेशाही कपडे भाड्यानं देणारी दुकानं आहेत, ताशी भाडं. तो पोशाख घालून गेलं की राजवाड्यात तिकीट लागत नाही. फुकट म्हटल्यावर मी दुकानात शिरलो. हौसा बाहेरूनच म्हणाली की राणीला भेटायला राणीच्याच कापडात जायचं म्हणजे तिची नक्कल केल्यासारखं होईल, मी लुगड्यातच बरी. दुकानातल्या पोरीनं मला आपादमस्तक बघितलं आणि सरळ राजाचा झगा काढला. लालभडक, छातीवर आणि दोन्ही खांद्यांवर सोनेरी सर्प-मगरीसारखा प्राणी, कमरेला पट्टा इतका मोठा की आत आणखी एक माणूस मावला असता. वर काळी टोपी. चपला मात्र माझ्याच ठेवल्या, त्यांच्याकडं माझ्या पायाचं माप नव्हतं. तर असा मी, वरून कोरियाचा राजा आणि खालून कोल्हापुरी कापशी चप्पल, करकर वाजवत दारावर गेलो. तिथं शरयूनं पाटी वाचली आणि हसत सुटली. पासष्टच्या पुढच्यांना पासपोर्ट दाखवला की तसंच फुकट. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. तर वाचकहो, वय झालं असेल तर झग्याचं भाडं वाचवा. मी मात्र परत करायला गेलो नाही. एव्हाना मला तो आवडला होता.

आत मोठं पटांगण आहे. तिथं रोज दोन वेळा पहारा बदलतात, सकाळी दहाला आणि दुपारी दोनला. ढोल, झेंडे, लांब दाढ्या लावलेले शिपाई. बघण्यासारखं आहे, दोरीपाशी लवकर जागा धरा. तुकडी आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझा हात आपोआप उठला. मी खाली वाकून मुजरा घातला. शरयू कानाशी आली. "आबा, तुम्ही राजा आहात. राजा शिपायाला मुजरा करत नाही." पण आता मी वाकलोच होतो, तेवढ्यात शेजारच्या पाच-पंचवीस परदेशी पाहुण्यांना वाटलं असाच रिवाज असेल, तेही वाकले. शिपायांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फक्त एका दाढीखाली काहीतरी थरथरलं.

तिथून आत दारामागून दार, चौकामागून चौक. सिंहासनाची इमारत दुरून बघायची, आत जाता येत नाही. दगडी फरशीवर माझ्या चपला वाजत होत्या आणि ती करकर ऐकून शाळेच्या सहलीतली पोरं मागं लागली होती. हौसाचं कशाकडं लक्ष नव्हतं. ती छपरांकडं बघत होती. शेवटी थांबली आणि म्हणाली, "अवो, हितं माडीच न्हाय."

खरंच नव्हती. राहायचे महाल सगळे एकमजली. मग राणी वर राहणार कुठं?

राणीचा महाल सगळ्यात आत आहे. पॉलिश केलेली लाकडी ओसरी, कागदाच्या तावदानांची दारं सताड उघडी आणि आत काही नाही. पलंग नाही, भांडं नाही, आरसा नाही. त्यांच्याकडं जमिनीखालून धूर फिरवून घर गरम करायची रीत होती. मागच्या बागेत विटांची नक्षीदार धुराडी आहेत, ती मी लगेच ओळखली, कारण आमच्या गुऱ्हाळात रसाच्या काहिलीखालून जाळ असाच मागच्या धुराड्याला जातो. हौसाला ते दाखवायला गेलो तर ती ताट काढून ओसरीपुढं उभी होती. खण, तांदूळ, हळकुंड, लाल फळं, तपकिरी फळं, शहाळं. तिथं एक वयस्क स्वयंसेविका माहिती सांगायला उभी होती. शरयूनं तिला सगळं समजावून सांगितलं. त्या बाई फार सभ्य. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की आत काही ठेवता येणार नाही, ओसरीवरही नाही. राणीची तसबीर? नाही. पादुका, मुखवटा? नाही. राणीच्या घराण्यातलं कुणी? इथं कुणीच राहत नाही, फार वर्षं झाली. आणि त्यांनी आपल्या परीनं आम्हाला समजावं म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली. हा मूळचा महालसुद्धा नाही. तो मागं मोडून नेला होता. हा पुन्हा नव्यानं तसाच बांधला आहे.

"म्हणजे ही इमारत माझ्याच वयाची आहे, आई," शरयू म्हणाली. तिला वाटलं आई हसेल.

हौसा ताट धरून मागच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसली. तिनं नवे गुडघे हळूच चोळले. मग मला म्हणाली, "मग मी नवस बोलले कुणाला?"

मी राजाच्या पोशाखात तिच्या शेजारी बसलो. मला तिची भीती माहीत होती. ती बोलून दाखवत नव्हती, पण नवस फिटला नाही तर गुडघे दिलेले परत जातील असं तिच्या मनात बसलं होतं. रात्रीतून दोनदा उठून ती पाय दुमडून बघायची.

इतक्यात दोन बायका माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या आणि वाकल्या. शरयूनं विचारलं. त्यांच्या आईचा आज सत्तरावा वाढदिवस होता. लेकींनी आईला राणीचा पोशाख चढवून राजवाड्यात आणलं होतं. फोटोत राणी होती, राजा नव्हता. तर हे आजोबा जरा शेजारी उभे राहतील का?

धुराड्यांपाशी एक म्हातारी उभी होती. गोल चेहरा, डोक्यावर केसांचं मोठं गंगावन, हिरवा झगा, खाली घेरदार लाल परकर आणि हातात काठी. मी जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्या चपलांकडं बघितलं, मी तिच्या बुटांकडं. ती खेळायचे पांढरे बूट घालून आली होती. दोघंही हसलो. फोटो झाले. हौसा बाकावरून हे बघत होती आणि एकदम उठली.

"शरयू," म्हणाली, "राणी घावली. तिचंबी गुडघं दुखत्यात, बघ चालती कशी."

ती ताट घेऊन आली. पण पुढं येता येता तिला आठवण झाली असणार. ओटी सवाशिणीची भरतात. ती शरयूच्या कानात बोलली आणि शरयूनं, कशाबशा शब्दांत, त्या बाईंना विचारलं, तुमचे यजमान कुठे आहेत. बाईंनी हसतच वर आभाळाकडं बोट केलं आणि काही बोलल्या. "गेले म्हणते," शरयू म्हणाली. "म्हणून तर राजा उसना घ्यावा लागला."

हौसाचा हात ताटावरच थांबला. लेकी बघत होत्या, शाळेची पोरं बघत होती, मी बघत होतो. दुसरा शुक्रवार नव्हता. दुसरी राणी नव्हती. हौसानं ताट थोडं मागं घेतलं.

बाईंना त्यातलं काहीच कळलं नाही. त्यांचं लक्ष ताटातल्या लाल आणि तपकिरी फळांवर गेलं आणि त्या अशा काही हसायला लागल्या की काठी लेकीकडं दिली, दोन्ही हातांनी परकराचा घेर धरला आणि हौसापुढं पसरला. अगदी पदर पसरतो तसा. लेकीही हसून वाकड्या झाल्या. शरयूनं विचारलं आणि तिचाही तोंडावर हात गेला. त्यांच्या लग्नात सासूसासरे नव्या सुनेच्या कापडात हीच दोन फळं टाकतात. जितकी झेलेल तितकी पोरं होतात म्हणे.

"आई, ती विचारते," शरयू हसू आवरत म्हणाली, "ह्या वयात मला आणखी किती पोरं व्हायला लावताय?"

बाजारातली म्हातारी लग्न कुणाचं विचारत होती ते मला तेव्हा कळलं.

हौसा त्या पसरलेल्या लाल परकराकडं बघत होती. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती. मग तिनं ताट माझ्या हातात दिलं. "धरा नीट. आता आपणहून ओटी पसरलीया, मी कोण न्हाय म्हणायला?" म्हणाली. आणि तिनं दोन्ही हातांनी ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, ताटातली फळं, वर खण आणि त्यावर शहाळं. शहाळ्यासह नळीही गेली. करंडा उघडताना ती पुन्हा जराशी थांबली. मग बोट कुंकवात बुडवून त्या बाईंच्या कपाळाला टेकवलं, आणि खाली वाकून नमस्कार केला. वाकली तेव्हा गुडघे दोन्ही नीट वळले. त्या बाईंनीही हात पोटाशी धरून नमस्कार केला आणि पर्समधून मधात बुडवलेल्या तळलेल्या वड्यांची पुडी काढून हौसाच्या पदरात टाकली. लेकींनी शरयूला फोटो पाठवले. त्या फोटोत राणीच्या कपाळाला कुंकू आहे, ओटीत शहाळं आहे आणि राजाच्या हातात रिकामं स्टीलचं ताट आहे.

मग आम्ही बाकीचा राजवाडा बघितला. तळ्यातला मंडप सुंदर आहे, झाडं पिवळीधमक झाली होती. पायाला सवय नसेल तर अर्धा दिवस धरून जा, बाकं जागोजागी आहेत, पाणी आणि स्वच्छतागृहं आहेत. हौसानं सगळं चालत बघितलं.

परतीच्या विमानात मी आधीच बाजू विचारून खिडकी धरली. कोल्हापूर आलं, ऊस आला, गडमुडशिंगी आली, आणि आमच्या गच्चीवर आक्का. खरीखुरी, लाल टॉवेल हलवणारी. मी काचेवर थापा मारल्या. तिला काय दिसणार? पण हौसानंही हात हलवला.

लोक आता विचारतात, एवढ्या लांब जाऊन काय मिळालं? राजवाडा बघण्यासारखा आहे हे मी सांगतोच. जे उरलं ते वेगळं, आणि ते म्हणजे दोन खणांतला दुसरा खण.

घरी येऊन हौसानं पाय धुतले, वड्यांची पुडी देवापुढं ठेवली आणि बॅग उघडली. बाजारातल्या म्हातारीनं ओंजळभर जास्त टाकलेली फळं उरली होती. ती तिनं स्टीलच्या त्याच ताटात काढली. घरचे तांदूळ घेतले, रिक्षावाल्याच्या हाती परत पाठवलेला नारळ फडताळातून काढला आणि अंबाबाईचा खण वर ठेवला. मग आक्काला हाक मारली. "वन्सं, पदर पसरा."

आक्का दारापाशी सरकायला लागली. म्हणाली, "माझा हात नगं लागायला, हौसा."

"हात कोण मागतंय? पदर मागतोय की."

आक्का माझ्याकडं बघायला लागली, हिला परदेशात काही झालं काय असं. मी मान खाली घातली आणि पिशवी आवरायचं नाटक केलं. मग लुगड्याची सळसळ झाली. हौसानं आक्काच्या पदरात तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. लाल फळं पडली, तपकिरी फळं पडली. पदर भरत चालला तशी आक्का त्या ढिगाकडं बघून म्हणाली, "हे काय गं एवढं? ह्या वयात आता पोरं व्हायची हाईत व्हय मला?"

तिला आम्ही अजून राजवाड्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. हौसानं माझ्याकडं बघितलं आणि आम्ही दोघं जे हसायला लागलो ते थांबेचना. आक्का पदर तसाच धरून आमच्याकडं बघत राहिली, रडावं की हसावं ते न कळून. शेवटी तिनं दोन्ही केलं.

त्या खणाची आक्कानं चोळी शिवून घेतली. अंबाबाईसाठी नवा खण तिनंच जाऊन आणला आणि आम्ही तिघं ओटी भरायला गेलो. ह्या खेपेला ताट आक्कानं मांडलं. वार मंगळवार होता. आमच्या देवीचं दार मंगळवारी उघडं असतं.